पोरींचं मैदान

(दृश्य : पहाटेचं मैदान. मुली पांढऱ्या फक्कीनं रेघा मारतायत.)

नागपूरचा फुटबॉल म्हटला की जुनी माणसं आधी कामठीचं नाव घेतात. कन्हानकाठची ती छावणी, मोहल्ल्यामोहल्ल्यातले संघ, रब्बानी मैदानावरची गर्दी. या आठवणी ऐकायला बसलं तर तास कसा जातो कळत नाही. पण त्यांत बाया जवळजवळ नाहीत. असल्याच तर मैदानाबाहेर.

आणि इथे या मुली. सकाळचे सहा वाजलेत. दोघींनी सुतळी ताणून धरलीय, तिसरी घमेल्यातली फक्की मुठीमुठीनं सोडत पुढे सरकतेय. रेघ जरा वाकडी गेली की गोलकीपर ओरडते, "अगं, सरळ घे नं!" एकीचं शिनगार्ड सैल पडतं, म्हणून तिनं वरून केसांचं रबर चढवलंय. आठ वाजता मुलांचा संघ येईल, त्याआधी यांना आटपायचंय. मैदान यांना मिळतं ते एवढंच.

मुलींचा खेळ कुठे अडतो, हे समजून घ्यायला आपण जरा लांब जाऊ. इंग्लंडमधलं प्रेस्टन हे गिरण्या-कारखान्यांचं गाव.

(दृश्य : कारखान्याची जुनी छायाचित्रं.)

पहिलं महायुद्ध सुरू होतं. पुरुष आघाडीवर गेले आणि डिक, केर नावाच्या कारखान्यात बाया दारूगोळा बनवू लागल्या. जेवणाच्या सुट्टीत त्या आवारात फुटबॉल खेळायच्या. कचेरीतल्या आल्फ्रेड फ्रँकलंड यांनी त्यांचा संघ बांधला. १९१७ च्या नाताळात प्रेस्टनच्या डीपडेल मैदानावर पहिला मोठा सामना झाला. जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी पैसे उभे करायचे होते. दहा हजार लोक आले आणि डिक, केर लेडीज ४-० नं जिंकल्या.

मग हा संघ थांबलाच नाही. डिसेंबर १९२० मध्ये त्यांनी रात्रीचा सामना खेळला. युद्धात विमानं शोधायला वापरलेले सर्चलाइट मैदानावर आणले आणि चेंडू दिसावा म्हणून त्याला पांढरा रंग दिला. त्याच नाताळात लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर सेंट हेलन्सच्या बायांशी सामना झाला. आत त्रेपन्न हजार प्रेक्षक होते आणि हजारो लोक फाटकाबाहेरून परत गेले. शंभर वर्षांपूर्वी, बायांच्या फुटबॉलला! हा आकडा आपल्याकडच्या प्रत्येक क्रीडाशिक्षकाला पाठ असायला हवा. "बायांचा खेळ बघायला येतं कोण?" या प्रश्नाचं तेच उत्तर आहे.

याच संघात लिली पार होती. आली तेव्हा जेमतेम चौदा-पंधरा वर्षांची, आणि डाव्या पायाचा फटका असा की गोलकीपरनं हात आखडता घ्यावा. ती तीस वर्षं खेळली. पोटापाण्यासाठी मनोरुग्णालयात नर्सचं काम करायची.

आता ५ डिसेंबर १९२१. इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशननं ठराव केला : फुटबॉल हा खेळ बायांना मुळीच योग्य नाही, त्याला उत्तेजन देऊ नये. धर्मादाय पैशांच्या हिशेबावरही बोट ठेवलं. पण खरी मेख पुढच्या वाक्यात होती. असोसिएशनच्या क्लबांनी आपली मैदानं बायांच्या सामन्यांना देऊ नयेत. बायांनी खेळू नये असा कायदा करायची गरजच पडली नाही. मैदानाचं फाटक बंद केलं की काम भागलं.

संघ मोडला मात्र नाही. पुढच्याच वर्षी तो अमेरिकेला जाऊन पुरुषांच्या संघांशी खेळून आला. १९२६ मध्ये कारखान्याच्या नव्या मालकांशी बिनसलं, तेव्हा प्रेस्टन लेडीज या नावानं उभा राहिला आणि मिळेल त्या जागी १९६५ पर्यंत खेळत राहिला. बंदी उठायला १९७० उजाडलं. तोवर लिली पारच्या बुटांना गंज चढला होता, आणि त्रेपन्न हजारांच्या गर्दीची आठवण असलेली पिढी म्हातारी झाली होती.

आपल्या देशात असा ठराव कुणी केला नाही. इथे मुलींचं कुणी मोजतच नव्हतं. १९७५ मध्ये महिला फुटबॉलची वेगळी संघटना उभी राहिली. भारताच्या मुली पुढे केरळातल्या कोळिकोडला आशियाई स्पर्धेच्या अंतिम फेरीपर्यंत पोचल्या. शांती मलिक यांना १९८३ चा अर्जुन पुरस्कार मिळाला. फुटबॉलमधून तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या महिला. पुरुषांच्या महासंघानं महिलांचा खेळ आपल्या छत्राखाली घेतला तो नव्वदच्या दशकाच्या तोंडावर.

(दृश्य : वस्तीतलं छोटं मैदान. पावसाळा.)

नागपुरात वेगळी वाट निघाली ती २००१ साली. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी भर पावसात वस्तीतली पोरं फुटकी बादली लाथाडताना पाहिली. त्यांनी पोरांना चेंडू दिला आणि त्यातून झोपडपट्टी फुटबॉलची स्पर्धा सुरू झाली. त्याच कामाला जग आज स्लम सॉकर म्हणून ओळखतं. २०१६ मध्ये फिफानं या संस्थेला डायव्हर्सिटी पुरस्कार दिला.

या कामाचं मोल आम्हाला वाटतं ते मैदानाच्या आकारात. होमलेस वर्ल्ड कप, म्हणजे बेघरांच्या विश्वचषकात खेळतात ते स्ट्रीट फुटबॉल बावीस बाय सोळा मीटरच्या चौकोनात मावतं. एका बाजूला तीन खेळाडू आणि एक गोलकीपर. सात-सात मिनिटांचे दोन डाव. एवढी जागा वस्तीतच निघते. आईला ओट्यावरून लेक दिसते. शेजारीण नाव ठेवायला येते आणि दहा मिनिटं बघत उभी राहते. मुलगी शहाणी झाली की तिला घरात बसवायचं, हे आजही किती घरांत चालतं! बसस्टॉपवरून लांबच्या मैदानावर पाठवायला न धजणारा बाप घरासमोरच्या चौकोनाला नाही म्हणत नाही. या वाटेनं गेलेल्या मुली त्या विश्वचषकात भारताच्या जर्सीत उतरल्या.

पण चौकोन हा चौकोनच. अकराच्या संघाला मोठं मैदान लागतं, आणि तिथे जुनंच दुखणं पुढे येतं. कधी प्रदर्शनाचा मंडप, कधी सभा. उरलेला वेळ आधी मुलांना. मैदानाला लागून स्वच्छ संडास नसेल तर तेरा-चौदा वर्षांची पोरगी महिन्यातले चार दिवस येतच नाही आणि मग हळूहळू यायचीच बंद होते. प्रशिक्षक म्हणतात, "सोडून गेली." आम्ही म्हणू, तिला थांबायला जागा नव्हती.

वेळेचं गणितही बघा. डिसेंबरात नागपूरला पावणेसहाच्या आत सूर्य मावळतो. शाळा पाचला सुटली की मुलगी दप्तर टाकून येईस्तोवर अंधार. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, तेव्हा सकाळी आठनंतर पाय भाजतात. म्हणजे वर्षातला निम्मा काळ मुलींना पहाटच उरते, आणि पहाटे घरचं पाणी भरायचं असतं.

जुलै २०२५ मध्ये भारताच्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच घरात २-१ नं हरवलं आणि पात्रता फेरीतून पहिल्यांदाच आशियाई चषकात जागा मिळवली. दोन्ही गोल संगीता बासफोर हिचे. त्या रात्री नागपुरातल्या कितीतरी मुली मोबाइलवर डोळे लावून बसल्या असतील. दुसऱ्या दिवशी त्यांना प्रश्न पडला असेल तो एवढाच, की आपण खेळायचं कुठे?

आमची मागणी छोटी आहे. शहरातल्या प्रत्येक मोठ्या मैदानाच्या वेळापत्रकात मुलींच्या संघाचा तास लेखी असावा, संध्याकाळचा असावा, आणि मंडप पडला तर तो तास दुसरीकडे भरून मिळावा. मैदानाशेजारी कुलूप न लावलेला संडास असावा. आणि दिवे. प्रेस्टनच्या बायांनी १९२० मध्ये सर्चलाइट आणून रात्री सामना खेळला होता. नागपूर महानगरपालिकेला दिव्याचे दोन खांब नक्कीच जमतील.

(दृश्य : शिट्टी. सामना सुरू. पहिलाच फटका गोलपोस्टवर. "परत मार, परत मार!")