कधीपासून?

[दृश्य : रात्र. सरकते दार, दाराशी एक टेबल, वर भिंतीवरील घड्याळ.]

रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात शिरताच आधी लागते ते हे टेबल. येथे औषध मिळत नाही की टाके घातले जात नाहीत, तरीही आत कोणाला आधी घ्यायचे हे येथेच ठरते. समोरच्या गृहस्थांना पित्त झाल्यासारखे वाटते आहे, मात्र त्यांच्या कपाळावरचा घाम पुसला तरी पुन्हा येतो. सिस्टर त्यांचे मनगट हातात घेऊन दुसऱ्यांदा विचारतात, ‘काका, नेमके कधीपासून?’

या कामाला ट्रायाज म्हणतात. निवडून वेगळे काढणे, अशा अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून हे नाव आले. नेपोलियनच्या सैन्यातील शल्यचिकित्सक दोमिनिक जाँ लारे यांनी जखमी सैनिकाचा हुद्दा न पाहता जखमेचे गांभीर्य पाहून उपचारांचा क्रम लावण्याची रीत रुजवली. इंग्लंडमधील मँचेस्टर येथे १९९०च्या दशकात तयार झालेल्या आणि पुढे अनेक देशांत पोहोचलेल्या पद्धतीत हाच क्रम पाच रंगांनी दाखवतात. लाल रंगाच्या रुग्णाला क्षणभरही थांबवायचे नसते, नारिंगीला १० मिनिटांत आणि पिवळ्याला तासाभरात डॉक्टरांनी पाहावे अशी अपेक्षा असते, तर हिरव्यासाठी दोन आणि निळ्यासाठी चार तासांची मुदत धरलेली असते. कोण आधी आले, याला या हिशेबात जवळजवळ स्थान नाही, आणि आमच्या मते तेच योग्य आहे.

[दृश्य : बोटाचे नख, अगदी जवळून.]

सिस्टरांनी नखावर पाच सेकंद दाब दिला. नख पांढरे पडले आणि दाब काढताच पुन्हा गुलाबी झाले. हा रंग परतायला दोन सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर रक्ताभिसरण मंदावल्याची शंका घ्यावी लागते. अर्थात गारठलेल्या हातांतही तो उशिरा परततो. बोटाला लावलेला ऑक्सिमीटरही थंड बोटामुळे किंवा नखावरच्या गडद रंगामुळे फसू शकतो. म्हणूनच त्या यंत्रावरचा आकडा बरा दिसला तरी सिस्टर तेवढ्यावर विसंबत नाहीत. रुग्ण एक पूर्ण वाक्य एका दमात बोलू शकतो की मध्येच धाप लागून थांबतो, हे त्या कान देऊन ऐकतात. घरच्या माणसांनाही हे ओळखता येते. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही.

[दृश्य : शेजारचे तातडीचे उपचार केंद्र. बाकावर शाळकरी मुलगा, सुजलेला घोटा.]

उद्यापर्यंत थांबणे बरे नाही, पण जिवाला धोकाही नाही, अशा दुखण्यांसाठी हे शेजारचे केंद्र आहे. खोल कापलेले बोट, लघवीची जळजळ, मुलाचा ठणकणारा कान किंवा मुरगळलेला पाय घेऊन येथे यावे. हा मुलगा आधार न घेता चार पावले टाकू शकतो का, हे येथील डॉक्टर पाहतात आणि मग घोट्याच्या हाडांवर ठरावीक जागी दाबून बघतात. पावले टाकता येत असतील आणि हाड दुखत नसेल, तर बहुतेक वेळा एक्स-रेची गरज पडत नाही. मुलगा चार पावले चालतो. चौथ्या पावलाला आईचा हात आपोआप पुढे येतो.

काही लक्षणे दिसली, तर मात्र या केंद्रात न येता थेट रुग्णवाहिका बोलवावी. छातीवर दडपण येऊन दुखणे जबड्याकडे किंवा हाताकडे सरकणे, चेहरा एका बाजूला ओघळणे, एक हात लुळा पडणे, बोलणे अडखळणे, न थांबणारा रक्तस्राव, शुद्ध हरपणे ही ती लक्षणे आहेत. तीन महिन्यांहून लहान बाळाला ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून अधिक ताप असेल, तर बाळ खेळते आहे म्हणून वाट पाहू नये. त्याला त्याच दिवशी, विनाविलंब डॉक्टरांना दाखवावे. पक्षाघातात रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते, आणि रुग्ण झोपेतून तसाच उठला असेल, तर ही वेळ जाग आल्यापासून नव्हे, तो शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. उशीर झाला, की पुष्कळदा हा उपाय हातचा जातो.

[दृश्य : पुन्हा टेबल.]

काकांना वेळ आठवत नाही. त्यांच्या पत्नी सांगतात, ‘जेवायला बसले आणि ताट तसेच सारले, तेव्हा नऊला दहा कमी होते.’ सिस्टर कागदावर ८.५० लिहितात. छातीत दुखणारा रुग्ण दाराशी आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी निघायला हवा, असा दंडक आहे. पडदा ओढला जातो, छातीवर तारा लागतात आणि कागदाची पट्टी सरकू लागते. घड्याळात ९.३४ झाले आहेत. काका दारातून आत आले, त्याला सहा मिनिटे झाली आहेत.