उजनीच्या गाळातला मसणवटा: जुन्या नकाशांवरून दफनभूमीचा शोध

[दृश्य: मे महिना, उजनी जलाशय. ड्रोन. गाळातून वर आलेलं पळसनाथाचं देऊळ.]

उजनी ‘मायनस’मध्ये गेली, म्हणजे वापरायचा साठा संपला आणि पाणी आणखी उतरलं, की इंदापूर तालुक्यातल्या पळसदेवचं हे जुनं देऊळ वर येतं. आधी शिखर, मग मंडप. बघायला गर्दी लोटते, मोबाइल निघतात. भीमेवरचं हे धरण १९८०मध्ये पूर्ण झालं. काठची गावं उठली, नव्या गावठाणात बसली. लोकांनी शक्य ते सगळं बरोबर नेलं. पुरलेली माणसं तिथंच राहिली.

[दृश्य: कापडावर चिकटवलेला गाव नकाशा उलगडताना. कॅमेरा ओढ्याच्या रेषेवरून सरकतो.]

बुडालेल्या गावात दफनाची जागा नेमकी कुठे होती? काठावरच्या गावात आज ती कुणाच्या बांधाआड गेली? दोन्ही प्रश्न एकाच कागदाशी, जुन्या गाव नकाशाशी, येऊन थांबतात. या बाबतीत इंदापूर नशीबवान आहे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांची जमीन मोजणी १८३५-३६च्या सुमारास याच तालुक्यातून सुरू झाली आणि पुढे हीच पद्धत मुंबई इलाखाभर गेली.

सुरुवात तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून करायची. उप अधीक्षकांच्या नावे नकलेचा अर्ज द्यायचा. ‘जुना नकाशा मिळावा’ एवढंच लिहिलं तर हातात आजचा गट नकाशा पडतो. म्हणून अर्जात स्पष्ट लिहा: एकत्रीकरणापूर्वीचा (तुकडे जोडून गट पडण्याआधीचा), सर्व्हे नंबरचा गाव नकाशा. सोबत त्या नंबरचं टिपण (मोजणीची मूळ नोंद), फाळणी नकाशा (पोटहिश्श्यांचा) आणि आकारबंदाचा (क्षेत्र आणि आकारणीच्या नोंदवहीचा) उतारा मागा. गावात एकत्रीकरण योजना झाली असेल तर ९(३) ९(४)चा उतारा हवाच, कारण सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला ते त्याच कागदावर कळतं. दफनभूमी हरवते ती बहुतेक वेळा या सांध्यात.

[दृश्य: नकाशावर पट्टी. मिलिमीटरच्या खुणा स्पष्ट.]

आधी प्रमाण बघा. जुना गाव नकाशा साधारणपणे मैलाला ८ इंच, म्हणजे १:७,९२०. यावर ३ गुंठ्यांची दफनभूमी जेमतेम सव्वादोन मिलिमीटरचा ठिपका असते. १:५०,०००च्या सर्वेक्षण नकाशावर (टोपोशीटवर) हाच ठिपका एक तृतीयांश मिलिमीटरवर येतो, म्हणजे दिसतच नाही. ‘टोपोशीटवर नाही, म्हणजे जागा नव्हतीच’ हा युक्तिवाद इथंच पडतो. गाव नकाशालाही मर्यादा आहेत. शाईची रेघ अर्ध्या मिलिमीटरची असली तरी ती जमिनीवर ४ मीटर होते. नकाशा जागा दाखवतो, हद्द ठरवायला तो पुरत नाही. त्यासाठी टिपण.

[दृश्य: टिपणाचं पान, अगदी जवळून. मोडी अक्षरं, रेषेच्या कडेचे आकडे.]

हे पान सावकाश बघा. मोजणीदारानं शेतातून एक सरळ रेषा धरली, तिच्यापासून दोन्ही बाजूंना काटकोनात बांधापर्यंत अंतरं घेतली आणि रेषेच्या कडेनं आकडे मांडले. चित्र हातानं काढलेलं आहे, प्रमाणात नाही. त्यावर पट्टी ठेवून काहीही मोजायचं नाही. खरे आहेत ते आकडे, आणि ते साखळी-आण्यांत आहेत. एक साखळी ३३ फूट, तिचे १६ आणे, म्हणजे एक आणा सुमारे ६३ सेंटिमीटर. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट.

चुका इथं होतात आणि त्याच त्या होतात. ‘७-४’ म्हणजे ७ साखळी ४ आणे, ७.२५ साखळी, ७२.९ मीटर. संगणकात कुणी ७.४ भरलं की दीड मीटर वाढतो. अशा चार बाजू जोडल्या की आकृती मिटत नाही, आणि दोष टिपणाला दिला जातो. दुसरी चूक फार मोठी: इंग्रजी पुस्तकांतली ६६ फुटांची साखळी धरणं. लांबी दुप्पट, क्षेत्र चौपट. म्हणून टिपणावरून काढलेलं क्षेत्र आकारबंदाशी ताडल्याशिवाय पुढं जायचं नाही.

[दृश्य: संगणकाचा पडदा. उपग्रह चित्रावर जुना नकाशा बसतो.]

आता नकाशा आजच्या जमिनीवर बसवायचा. नक्कल सपाट स्कॅन करा. मोबाइलचा तिरपा फोटो चालत नाही. कापडावरचा कागद उभा-आडवा सारखा आक्रसत नाही, तेव्हा दोन्ही दिशांनी अंतरं तपासा. क्यूजीआयएससारख्या मोफत नकाशा-प्रणालीत निदान सहा-आठ ओळखीच्या खुणा द्या, आणि त्या गावाच्या चारही अंगांना पसरलेल्या असू द्या. देऊळ, दगडी विहीर, जुना पूल, तीन गावांच्या शिवा मिळतात तिथला दगड, या खुणा चांगल्या. नदीकाठ, ओढ्याचं वळण, झाड, गाडीवाट, या वाईट. ओढा दर पावसाळ्यात थोडा सरकतो.

पाण्यातल्या गावाला खुणा आणायच्या कुठून? पळसनाथाचं देऊळ त्यासाठी. गावठाणातलं देऊळ जुन्या नकाशावर चिन्हानं दाखवलेलं असतं, आणि उतरलेल्या पाण्यातलं शिखर उन्हाळ्याच्या उपग्रह चित्रात टिपता येतं. बाकीच्या खुणा बुडीत रेषेच्या वरच्या शिवारातून घ्यायच्या. धरणाआधीची भीमा बघायची तर अमेरिकेच्या कोरोना हेर-उपग्रहांची १९६०च्या दशकातली छायाचित्रं आता खुली आहेत. ती ताणलेली असतात, तरी गावठाण आणि नदीपात्र ओळखू येतं.

नकाशा बसवताना साधं हेल्मर्ट (नकाशा फक्त सरकवणारं, फिरवणारं, लहान-मोठा करणारं) किंवा पहिल्या क्रमाचं रूपांतर वापरा. ‘थिन प्लेट’ पद्धतीत प्रत्येक खूण तंतोतंत बसते, चूक शून्य दिसते आणि नेमकी म्हणूनच लपते. एखादी खूण बाकीच्यांपेक्षा २०-३० मीटर बाहेर पडत असेल, तर बहुधा ती विहीर वेगळी आहे.

[दृश्य: ओढ्याकाठचं माळरान. बाभळीखाली दगडी चौथरे, पलीकडे लांबट मातीचे उंचवटे.]

जागेवर पाय ठेवल्यावर जमीन बोलू लागते. लांबट, उत्तर-दक्षिण थडगी मुसलमानांची, कारण चेहरा पश्चिमेला किब्ल्याकडे, म्हणजे मक्केच्या दिशेला, वळवलेला असतो. पूर्व-पश्चिम ओळी बहुधा ख्रिस्ती. लिंगायत आणि गोसावी समाजात देह बसवून समाधी देतात, म्हणून वर आखूड, चौकोनी ओटा असतो, कधी पिंड, कधी पादुका. त्याला पाराचा दगड समजून सोडून देणारे सर्व्हे आपल्याकडे कमी नाहीत! नकाशावर ‘मसणवटा’ एकदाच लिहिलेला असतो. दलित वस्तीची दफनाची जागा ओढ्यापलीकडे वेगळी असली, तरी कागदावर तिला अनेकदा नाव नसतं. ती वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसांना विचारूनच नोंदवावी लागते.

खणायचं नाही, सळई खुपसायची नाही. दगडावरचा लेख वाचायला खडू, पीठ, तारेचा ब्रश नको. सकाळच्या तिरप्या उन्हात, नाहीतर आरशानं बाजूनं उजेड टाकून फोटो घ्या. फोनच्या जीपीएसमध्ये ३ ते ५ मीटरची चूक असतेच. दोन थडग्यांतलं अंतर टेपनं मोजा.

[दृश्य: सातबारा, ‘पोटखराब’ रकाना. बोट त्यावर थांबतं.]

शेवटी अधिकार अभिलेख. सातबाऱ्यावर पोटखराबाचे दोन वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे लागवडीला नालायक. ‘ब’ म्हणजे सार्वजनिक: रस्ता, पिण्याचं पाणी, कोणत्याही समाजाची दहन किंवा दफनाची जागा. जुन्या उताऱ्यातला ‘ब’ नव्यात गायब झाला असेल तर मधले सगळे फेरफार काढा. सरकारी नंबर असेल तर १९६६च्या जमीन महसूल संहितेच्या कलम २२खाली जमीन त्या कामासाठी नेमून दिल्याचा आदेश शोधा. तशी नेमलेली जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीशिवाय दुसऱ्या कामाला वापरता येत नाही. विदर्भात हीच माहिती निस्तार पत्रकात (गावाच्या सामाईक वापराच्या जमिनींच्या नोंदीत) पाहावी. बुडीत गावांसाठी भूसंपादनाचा निवाडा (मोबदला ठरवणारा आदेश) आणि संयुक्त मोजणीचा नकाशा मागा, पण सरकारी जमिनीला मोबदला नसल्यानं निवाड्यात दफनभूमी बहुधा सापडणार नाही. पुनर्वसित गावठाणाचा मंजूर आराखडाही बघाच. नागरी सुविधांत दहन-दफनभूमी धरलेली असते. ती आराखड्यावर आहे आणि जागेवर ऊस उभा आहे, असं दिसलं तर पुढचा अर्ज तयार.

[दृश्य: तहसील कचेरीचं फाटक. दुपार.]

जागेची नोंद नसली की दफन अडतं आणि प्रेत घेऊन लोकांना या कचेरीच्या दारात यावं लागतं.

[दृश्य: मोजणीचं यंत्र तिकाटण्यावर, मागं ऊस.]

म्हणून कागद जुळले की ग्रामपंचायतीनं मोजणीचा अर्ज करावा. अर्जासोबत टिपणाची नक्कल, आकारबंद आणि जागेचे फोटो जोडावेत, लगतच्या खातेदारांना नोटीस पोचली का ते पाहावं, आणि हद्दीच्या खुणा लागतील त्या दिवशी त्या त्या समाजाची माणसं शिवारात हजर ठेवावीत. मोजणीची ‘क’ प्रत (मोजलेल्या हद्दींचा नकाशा) हाती आल्यावर ग्रामसभेचा ठराव करून ती तलाठ्याकडे द्यायची, पोच घ्यायची, आणि सातबाऱ्यावर नोंद उतरेपर्यंत पाठपुरावा सोडायचा नाही.