भरल्या अंगाच्या माणसाची सायकल

नमस्कार श्रोतेहो.

शंभरीच्या पुढे वजन असलेला माणूस सायकल घ्यायला निघाला की त्याच्या मनात एकच प्रश्न असतो, "ही मला पेलेल ना?" आणि बहुतेक जण तो खालच्या आवाजात विचारतात. माझं वजन 108 किलो होतं तेव्हा मीही तसाच विचारला होता. उत्तर मिळालं, "डोळे मिटून स्टीलची घ्या." सल्ला चुकीचा नव्हता, पण अर्धाच होता. राहिलेला अर्धा आज सांगतो.

स्टीलची बाजू आधी घेऊ, कारण ती खरोखर भक्कम आहे. धातूलाही थकवा येतो. पुन्हा पुन्हा ताण पडला की त्यात बारीक तडा जन्म घेतो आणि हळूहळू वाढत जातो. स्टीलचं वैशिष्ट्य असं की, ताण ठरावीक मर्यादेच्या आत राहिला तर तो लाखो वेळा आला तरी स्टील थकत नाही. अॅल्युमिनियमला अशी मर्यादा नाही, त्याच्या खात्यात प्रत्येक धक्का जमा होत राहतो. म्हणून अॅल्युमिनियमची फ्रेम बनवणारे मुळातच जास्त ताकदीच्या नळ्या वापरतात, आणि नीट बनवलेली फ्रेम वर्षानुवर्षं चालते. अॅल्युमिनियम म्हणजे कच्चं, ही समजूत मनातून काढून टाका.

आता ताठपणा. जड माणूस चढावर उभा राहून पॅडल मारतो तेव्हा फ्रेम खालच्या बाजूला, क्रँकपाशी म्हणजे पॅडलच्या दांड्या जिथे बसतात तिथे, डावी-उजवीकडे लवते. स्टील हे अॅल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट ताठ, पण वजनालाही तिप्पट. म्हणजे हिशेब बरोबरीत सुटतो. मग फरक कुठे पडतो? नळीच्या जाडीत, म्हणजे व्यासात. पत्रा तेवढाच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा सुमारे आठपट वाढतो! अॅल्युमिनियमच्या सायकलींच्या नळ्या एवढ्या जाडजूड दिसतात त्या यासाठी. म्हणून दुकानात गेलात की धातूचं नाव विचारण्याआधी खालची तिरकी नळी मुठीत धरून बघा. बारीक नळ्यांची, अगदी हलकी म्हणून मिरवणारी स्टीलची फ्रेम आपल्यासारख्यांच्या पायाखाली डुलते. त्यापेक्षा क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम-मॉलिब्डेनम मिसळलेल्या स्टीलची, थोड्या जाड नळ्यांची फ्रेम घ्या. एक किलो जास्त भरली तर भरू दे.

टायटॅनियम गंजत नाही, पण ताठपणात स्टीलच्या निम्म्याच्या आसपास, आणि खिशाला फार जड. कार्बन फायबर अशक्त मुळीच नाही. अडचण एवढीच की आपटल्यावर आतून झालेली इजा वरून दिसेलच असं नाही.

फ्रेम कशाचीही असो, उत्पादकानं लिहून दिलेली वजनमर्यादा वाचा. ती बहुतेकदा एकूण वजनाची असते. मर्यादा 120 किलो, सायकल 14, पाठीवरची बॅग 6, म्हणजे तुमच्या वाट्याला उरले 100. हे गणित दुकानातच करा.

आणि आता ज्यासाठी मी आज बोलायला बसलो ते. माझी फ्रेम कधीच मोडली नाही, मोडले ते स्पोक. एका संध्याकाळी मागून 'टिंग' असा आवाज आला आणि रिम ब्रेकला घासायला लागली. उतरून पाहिलं तर चेनच्या बाजूचा एक स्पोक हबपाशी, म्हणजे चाकाच्या मधल्या भागापाशी, नेमका वाकतो तिथे तुटला होता. तो बदलला, आउट काढून घेतला, म्हणजे चाक सरळ करून घेतलं, तर काही दिवसांनी शेजारचा गेला. वाटलं, माझ्या वजनाचाच दोष. पण खरं कारण निराळं होतं. चाक फिरताना जमिनीकडचे स्पोक क्षणभर सैल पडतात आणि वर जाताना पुन्हा ताणले जातात. मुळातच ढिले बांधलेले असतील तर ते पार सैल पडून दरवेळी वाकतात आणि थकतात. पुढे एका जाणत्या कारागिराकडून मी 36 स्पोकचं मागचं चाक हातानं, सारख्या ताणानं बांधून घेतलं. टायर 40 मिलिमीटरपेक्षा जास्त रुंदीचे घातले. त्यानंतर स्पोक तुटायचे थांबले.

म्हणून पैसे मोजकेच असतील तर महागड्या धातूपायी चाकांत काटकसर करू नका. साधी अॅल्युमिनियमची फ्रेम आणि उत्तम मागचं चाक, ही जोडी मी डोळे झाकून सुचवेन.

सायकल घरी आल्यावर सीटची दांडी तिच्यावरच्या खुणेपेक्षा वर काढू नका. धुताना वेल्डिंगच्या जोडांशी रंगात केसासारखी रेघ दिसते का, ते बघा. दिसली तर सायकल चालवणं लगेच थांबवा. आणि महिन्यातून एकदा मागच्या चाकाचे एकाच बाजूचे स्पोक तंबोऱ्याच्या तारांसारखे बोटानं छेडा. सगळ्यांचा सूर साधारण सारखा लागला पाहिजे. एखादा ढब्ब वाजला, तर तो तुटायची वाट न बघता त्याच दिवशी चाक कारागिराकडे न्या.

नमस्कार.