एका केळीला पाच घड

श्रोतेहो, नमस्कार.

शाळेत कृत्रिम बुद्धिमत्ता, आपण सगळे जिला एआय म्हणतो ती, वापरावी की नाही यावर आता वाद घालण्यात अर्थ राहिलेला नाही. ती वापरात आली आहे. ३० नोव्हेंबर २०२२ ला चॅटजीपीटी सगळ्यांसाठी खुलं झालं आणि बघता बघता जळगाव, धुळे, नंदुरबारच्या गुरुजींच्या मोबाइलवर येऊन बसलं. कुणी त्यावर पाठाचं टाचण काढतं, कुणी चाचणीचे प्रश्न, कुणी स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन. मला आज एकच गोष्ट सांगायची आहे आणि ती मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे, कारण रेडिओवर मागचं पान उलटता येत नाही. यंत्राने लिहिलेलं वर्गात नेण्याआधी शिक्षकाने वाचायचं, आणि वर्गात नेल्यावर मुलांनी तपासायचं. आधी शिक्षकाने वाचायचं, मग मुलांनी तपासायचं.

आता रावेर तालुक्यातल्या एका शाळेत काय झालं ते ऐका. सातपुड्याच्या पायथ्याची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. मॅडमकडे तिसरी, चौथी आणि पाचवी, तिन्ही वर्ग एकाच खोलीत. एका वर्गाला गणित द्यायचं, तोवर दुसऱ्याला वाचन, तिसऱ्याला शुद्धलेखन, अशी दिवसभर कसरत. ज्यांनी असे जोडवर्ग शिकवलेत त्यांना वेगळं सांगायला नको. या मॅडम रात्री जेवणं आटोपली की मोबाइलवर एआयला सांगतात, गुणाकाराची शाब्दिक उदाहरणं दे, तिसरीला सोपी, चौथीला मधली, पाचवीला दोन पायऱ्यांची, आणि आमच्या भागातल्या केळीवर दे. पूर्वी ज्याला तास-दीड तास जायचा ते काम पाच-दहा मिनिटांत होतं. ही सोय मोठी आहे. तिला नावं ठेवणाऱ्यांनी आधी एक आठवडा तीन वर्ग एका खोलीत सांभाळून पाहावेत.

तर सकाळी मॅडमनी पाचवीसाठी फळ्यावर उदाहरण लिहिलं. ‘रामूच्या शेतात केळीची १२ झाडे आहेत. प्रत्येक झाडाला ५ घड लागले. प्रत्येक घडात १२ केळी आहेत. तर एकूण केळी किती?’ मॅडम मूळच्या घाटावरच्या, केळीच्या मुलखात नव्या. उदाहरण त्यांनी रात्री वाचलं होतं, उत्तरही पडताळलं होतं. बारा पाचे साठ, साठ गुणिले बारा, सातशेवीस. हिशेबात कुठेच खोट नाही.

मुलांनी पाट्या-वह्या काढल्या. आणि दुसऱ्या रांगेतली एक मुलगी उभी राहिली. म्हणाली, “मॅडम, केयीले त एकच घड येतो ना!”

अख्खी पाचवी हसली. चौथीची मुलंही आपलं वाचन सोडून वळून बसली. एक मुलगा म्हणाला, घडात बारा केळी नसतातच, पंधरा-सोळा तर एका फणीत असतात. दुसरा म्हणाला, आमची केळी कांदेबागाची, म्हणजे पावसाळा सरताना लावलेली आहे, बाबा घडाला आठच फण्या ठेवतात, खालच्या बारक्या काढून टाकतात, म्हणजे वरच्या भरतात. तिसऱ्याने सांगितलं की घड कापला की त्या खोडाचं काम संपलं, बाजूचं पील, म्हणजे बुंध्याशी फुटलेला कोंब, वाढतं आणि पुढचा घड त्याला.

श्रोतेहो, इथे मॅडमनी जे केलं त्यासाठी मी ही हकीकत जिथे जातो तिथे सांगतो. त्यांनी मुलांना गप्प केलं नाही. उदाहरण पुसलंही नाही. त्या म्हणाल्या, मग खरं उदाहरण तुम्हीच बनवा. आणि मुलांनी बनवलं. झाडं बारा, घड एकेकच, फण्या आठ, फणीत केळी सोळा. एका मुलाने खाडकन सांगितलं, सोळा आठे अठ्ठाविसासे. एका घडात १२८ केळी. बारा घडांची १५३६. यंत्राच्या उत्तराच्या दुपटीहून जास्त!

इथे थोडं थांबून एक बोलतो. त्या मुलाला सोळाचा पाढा पाठ होता म्हणून तो तास पुढे सरकला. पाढे पाठ करणं मागासलेपणाचं आहे असं सांगणारे लोक मला भेटतात. मला ते पटत नाही. पावकी, निमकी, दीडकी हे पाव, अर्धा, दीडचे पाढे आपण शाळेतून घालवले, तिथे आपलं नुकसान झालं. बाजार समितीत काट्याजवळ उभ्या शेतकऱ्याला आजही तोंडी हिशेबच वाचवतो.

तर गणित तिथेच थांबलं नाही. एक केळं साधारण दीडशे ग्रॅमचं धरलं तर घड केवढ्याचा? १९ किलो २०० ग्रॅम. मुलांनी माना डोलावल्या, कारण घरचे घड साधारण तेवढेच भरतात. मग एकरात झाडं किती? पाच बाय पाच फुटांवर लावलीत, म्हणजे एका झाडाला २५ चौरस फूट. एकर ४३,५६० चौरस फुटांचा. भागाकार केला, १७४२ झाडं निघाली. त्या पहिल्या मुलीने घरी जाऊन वडिलांना विचारलं, रोपं किती आणली होती? ते म्हणाले, साडेसतराशेच्या आसपास. सांगा आता, पाचवीच्या कुठल्या पुस्तकात भागाकार इतका जिवंत होतो?

आणि खरी गंमत पुढे आहे. दुपारच्या सुट्टीनंतर मुलं मॅडमना म्हणाली, त्यालाच विचारा. मॅडमनी मोबाइलवर स्वतः टाइप केलं, केळीच्या एका झाडाला किती घड लागतात? उत्तर आलं, एक. सोबत केळी हे खरं तर झाड नसून मोठं रोप आहे, त्याचं खोड पानांच्या बुडाच्या आवरणांच्या थरांचं बनलेलं असतं, ही बरोबर माहितीही आली. मुलं चक्रावली. त्या पहिल्या मुलीने विचारलं, “मंग आधी काहून चुकलं?”

हा प्रश्न मी मोठमोठ्या कार्यशाळांतसुद्धा ऐकलेला नाही.

त्याचं उत्तर थोडक्यात असं. हे यंत्र प्रचंड मजकुरावर घडवलेलं असतं, आणि लिहिताना आधीच्या शब्दांपुढे कोणता शब्द येणं सर्वांत संभवतं त्याचा अंदाज घेत ते पुढे जातं. शाब्दिक उदाहरणांचा साचा ठरलेला, इतकी झाडं, प्रत्येक झाडाला इतकी फळं. आंब्याला, पेरूला तो साचा चालतो. त्याच साच्यात केळी बसवली आणि पाच घड लागले. सरळ प्रश्न विचारला तेव्हा सरळ माहितीच्या वाटेने गेलं, म्हणून बरोबर आलं. लिहिताना ते बागेत डोकावून येत नाही. म्हणून पुन्हा सांगतो, आधी शिक्षकाने वाचायचं, मग मुलांनी तपासायचं. शिक्षकाच्या नजरेतून सुटलेलं शेतकऱ्याची मुलगी पकडते, हे आपण आता ऐकलंच.

शाळेच्या सहली वॉटरपार्कला नेण्याऐवजी शेजारच्या गावच्या मळ्यात न्याव्यात, हे माझं जुनं म्हणणं आहे. वर्गात एआय आल्यापासून ते मला दुप्पट खरं वाटतं. ज्या मुलाने घड कापताना पाहिला आहे त्याला कुणीही फसवू शकत नाही.

दोन गोष्टी पालकांसाठी. लहान मुलांच्या हातात हे थेट देऊ नका. युनेस्कोने सप्टेंबर २०२३ च्या मार्गदर्शिकेत वर्गातल्या वापरासाठी किमान वय १३ वर्षं असावं असं सुचवलं आहे. रावेरच्या मॅडमनीही मोबाइल स्वतःच्याच हातात ठेवला होता, तो मुद्दा सुटू देऊ नका. दुसरं म्हणजे मुलांची नावं, फोटो, गुणपत्रकं, आजारपणाची माहिती अशा ठिकाणी टाकायची नाही. आपल्याकडच्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येकजण मूलच धरला आहे, आणि त्याची माहिती हाताळायला पालकांची संमती घ्यावी असं त्यात म्हटलं आहे. निकालावरचे शेरे लिहायचे असतील तर नाव न घालता लिहून घ्या.

भाषेचंही बोललं पाहिजे. २०११ च्या जनगणनेत खान्देशी या भाषेखाली, जिच्यात अहिराणीही धरली आहे, १८ लाखांहून अधिक लोक मोजले आहेत. साक्री, अमळनेरकडे घरात अहिराणी, धडगाव, अक्कलकुव्याकडे पावरी आणि भिलोरी. पहिलीत येणारं मूल त्या बोलीत विचार करतं आणि यंत्राची मराठी पुस्तकी. तिथे त्या मुलाशी बोलायला शिक्षकच लागतो, ज्याने गावातल्या आज्यांकडून शब्द वेचून आणलेत असा. हे काम यंत्रावर सोडलं तर पोर पहिल्याच महिन्यात गप्प होईल, आणि गप्प झालेलं पोर मग शाळेतच यायचं थांबतं. याची मला फार काळजी वाटते.

आता शिक्षक मित्रमैत्रिणींना एक विनंती. दर महिन्याला केंद्रावर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटात, आपली शिक्षण परिषद भरते. त्यातला अर्धा तास यासाठी मागून घ्या. प्रत्येकाने एक वही ठेवावी. डावीकडे यंत्राने दिलेलं उदाहरण, उजवीकडे मुलांनी केलेली दुरुस्ती, आणि दुरुस्ती कुणाच्या माहितीवरून झाली तेही. शहाद्याच्या वहीत पपई आणि ऊस येईल, नंदुरबारच्या मिरची, नवापूरच्या भात, साक्रीच्या कांदा. ती वही पुढच्या वर्षी बदलून येणाऱ्या शिक्षकाच्या हाती द्या. घाटावरून आलेल्या नव्या मॅडमना रात्री उदाहरणं काढताना ती शेजारी उघडी ठेवता येईल.

नमस्कार.