तोल साधणारा बिंदू

पातळ, जवळजवळ बिनवजनी पुठ्ठ्याचा हा त्रिकोण पेन्सिलीच्या टोकावर ठेवलेला आहे आणि त्याच्या तिन्ही कोपऱ्यांवर लोखंडाची एकेक चकती चिकटवलेली आहे. टोक हळूहळू सरकवत नेले की एका ठिकाणी त्रिकोणाची डुगडुग थांबते. तिन्ही वजने सारखी असल्यामुळे हे ठिकाण म्हणजे शाळेत मध्यगा काढून शोधलेला गुरुत्वमध्यच होय.

आता एका कोपऱ्यावर दुसरी चकती ठेवली आहे. त्रिकोण तिकडे कलंडतो आणि पेन्सिलही त्याच कोपऱ्याकडे सरकवावी लागते. ती नेमकी कोठे थांबेल, हे सूत्राशिवाय सांगता येते: समोरच्या बाजूच्या दोन चकत्या त्या बाजूच्या मध्यबिंदूवर एकत्र आहेत असे मानले, तर मध्यगेच्या दोन्ही टोकांना दोन-दोन चकत्या होतात आणि तोलबिंदू मध्यगेच्या बरोबर मध्यावर येतो. आधीच्या मांडणीत टोकांना एक आणि दोन अशी वजने होती. गुरुत्वमध्य मध्यगेला २:१ या प्रमाणात विभागतो, हे आपण निमूटपणे पाठ केलेले प्रमेय त्यातूनच निघते. ते आधी असे हाताळायला मिळाले असते, तर कदाचित पाठ करावेच लागले नसते.

वजनांचे हे २:१:१ गुणोत्तर म्हणजेच त्या बिंदूचे भारकेंद्री सहनिर्देशक (जागा सांगणारे आकडे). क्ष आणि य या नेहमीच्या सहनिर्देशकांना अक्ष व आरंभबिंदू लागतो; येथे त्रिकोण स्वतःच मोजमापाची चौकट होतो. सगळ्या चकत्या दुप्पट केल्या तरी पेन्सिल जागची हलत नाही, कारण महत्त्व गुणोत्तराला आहे. ही पद्धत ऑगस्ट फर्डिनांड मोबियस यांनी १८२७ साली मांडली. अर्धा पीळ देऊन टोके जोडलेल्या पट्टीमुळे ओळखले जाणारे मोबियस ते हेच.

तोलबिंदूपासून तिन्ही कोपऱ्यांपर्यंत दोरे ताणले की तीन लहान त्रिकोण दिसतात. दोन चकत्यांच्या कोपऱ्यासमोरचा त्रिकोण एकूण क्षेत्रफळाचा निम्मा आहे आणि उरलेले दोन पाव-पाव आहेत, म्हणजे वजनांचेच गुणोत्तर क्षेत्रफळांत उतरलेले आहे. संगणकाच्या पडद्यावरील त्रिमितीय आकृत्यांत कोपऱ्यांचे रंग आतल्या ठिपक्यांत याच प्रमाणात मिसळले जातात.

एका कोपऱ्यावरील सर्व चकत्या काढल्या, की त्याचा सहनिर्देशक शून्य होतो आणि पेन्सिल समोरच्या कडेवर येते. तोच कोपरा दोऱ्याने किंचित वर ओढला, तर वजन उणे होते आणि तोलबिंदू त्या कडेपलीकडे, त्रिकोणाबाहेर निघून जातो.