विहिरीच्या तळाशी निळा धागा

श्रोतेहो, नमस्कार. पाच मिलिमीटरहून बारीक प्लास्टिकला मायक्रोप्लास्टिक म्हणतात, हे तुमच्या कानावर आलंच असेल. गोड्या पाण्यात त्याचं काय होतं, ते आज सांगायचंय. त्यासाठी चला आमच्या आत्याच्या विहिरीवर.

कोकणातली जांभ्या चिऱ्याची विहीर. काठावर फणस आणि आंबा, दोन्ही आत झुकलेले. पाला वर्षभर पाण्यात पडायचा. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की त्याला कोऱ्या चहाचा रंग यायचा. रहाटाला आधी काथ्याची दोरी होती. मग निळी आली, आपण सरसकट नायलॉनची म्हणतो ती. काथ्या हाताला बोचतो, खरंय. पण कुजला की त्याची मातीच होते. मी आजही काथ्याच घ्या म्हणेन.

एका वैशाखात विहीर उपसली. मी गाळाची घमेली वर ओढत होतो. आत्यानं एका घमेल्यातून बुळबुळीत, तपकिरी गुंता उचलला, चिमटीत चोळला. आतून निळा धागा निघाला. "अरे, ही तर आपलीच दोरी!" मग थांबून म्हणाली, "पण ही दोरी पाण्यावर तरंगते. हिचे धागे तळाला कसे गेले?"

नेमका प्रश्न. अशी निळी दोरी बहुधा पॉलिप्रॉपिलीनची असते आणि ते पाण्याहून हलकं. पण पाला कुजताना त्याचा अर्क पाण्यात उतरतो. ह्युमिक आम्लं त्यातलीच. फडक्यानं गाळून हा अर्क निघत नाही. तो प्लास्टिकच्या अंगावर बसतो, डब्याला आमटीचा पिवळेपणा धरतो तसा. या लेपाला शास्त्रज्ञ इको-कोरोना म्हणतात. लेपावर जिवाणू वस्ती करतात, त्यांना गाळाचे कण चिकटतात, वजन वाढतं आणि हलका धागा बुडतो. पुन्हा सांगतो, आधी पाल्याचा अर्क, त्यावर जिवाणू, त्यावर गाळ. प्लास्टिक पाण्यात एकटं राहत नाही.

आणि ते नुसतं घेत नाही, देतंही. ऊन लागलं की प्लास्टिकमधूनही कार्बनी द्रव्यं पाण्यात विरघळतात, त्यातली काही जिवाणू खातात.

आत्यानं ते धागे पायरीवर वाळत टाकले. संध्याकाळी नखानं खरवडल्यावर लेपाचे पापुद्रे निघाले. खालचा निळा रंग विटून पांढुरका झाला होता. पुढच्या बाजाराला तिनं काथ्याची दोरी आणवली आणि रहाटाला स्वतः बांधली.