हिशेब ताटात नको, कढईत करा

(व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

फलकावर विषय लिहिलाय, ‘रोजच्या आहारातील कॅलरी आणि पोषकद्रव्यांची नोंद’. पोषकद्रव्यांकडे मी येणारच आहे. पण आधी वाटीबद्दल बोलू द्या, सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

टेबलावर तीन वाट्या आहेत, तिन्ही एकाच घरातल्या. ही कोशिंबिरीची, ही आमटीची आणि ही आजोबांची शिकरणाची. मोजून पाणी ओततेय, मागच्यांनी जरा उभं राहून बघा. पहिली शंभर मिलिलिटरला भरली. दुसरी दीडशेला. तिसरी अजून भरतेच आहे... अडीचशे! आता मोबाइलमधलं ॲप विचारतं, वरण किती वाट्या? यातली कोणती वाटी सांगू? शिवाय घट्ट साधं वरण आणि दोन पाहुणे वाढले म्हणून पाणी घातलेली आमटी, दोन्हींना तिथे जवळपास तोच आकडा. याचा मला मनापासून राग येतो. माणसं महिनोन् महिने निष्ठेनं नोंदी करतात आणि पायाच कच्चा असतो.

माझ्याकडे एक बाई आल्या होत्या. वही इतकी नेटकी, की हातात घेऊन बरं वाटावं. फक्त एकादशीच्या रकान्यात ‘उपवास’ आणि पुढे शून्य. मी विचारलं, दिवसभर काहीच खाल्लं नाहीत? तर म्हणाल्या, “अहो, खिचडी खाल्ली की! पण तो फराळ.” हसताय, म्हणजे तुमच्याकडेही असंच चालतं.

मग आम्ही दोघींनी ती खिचडी कागदावर मांडली. चौघांसाठी कोरडा साबुदाणा 300 ग्रॅम, त्याच्या साधारण 1,050 कॅलरी. दाण्याचं कूट 100 ग्रॅम, साडेपाचशेच्या आसपास. बटाटे 200 ग्रॅम, दीडशे. तूप 45 ग्रॅम, चारशे. बेरीज सुमारे 2,150, म्हणजे माणशी साडेपाचशेला थोड्या कमी. आणि माणशी प्रथिनं? जेमतेम सात ग्रॅम, तीही बहुतेक कुटाची. साबुदाण्यात प्रथिनं नावालाच असतात. बाई बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिल्या.

माझं म्हणणं एवढंच आहे. कच्चा माल कढईत पडण्याआधी तोला आणि खाणाऱ्यांत वाटा. शंभर ग्रॅम तांदळाचा अडीचशे ग्रॅमहून जास्त भात होतो. त्यात वाढतं ते पाणी. शिजलेल्या भाताचं वजन कच्च्या तांदळाच्या रकान्यात टाकलंत, तर साडेतीनशेच्या पावणेनऊशे कॅलरी होतात आणि माणूस उगाच भात सोडतो.

तेलाचं तर विचारूच नका. किती घालता विचारलं की उत्तर ठरलेलं, ‘फोडणीपुरतं’. त्यापेक्षा वाण्याची यादी काढा. चौघांच्या घरात महिन्याला चार लिटर तेल संपत असेल, तर माणशी रोज तीस ग्रॅम, म्हणजे 270 कॅलरी. तेही बाहेरचा वडापाव न धरता.

आकडे कुठले घ्यायचे? आपल्याकडे हे काम जुनं आहे. 1918 साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला ब्रिटिश डॉक्टर रॉबर्ट मॅक्कॅरिसन यांनी सुरू केलेल्या संशोधनातून आजची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. तिच्या 2017 च्या कोष्टकांत 528 भारतीय खाद्यपदार्थांचं पृथक्करण आहे. ज्वारी, नाचणी, तूर, सगळं आपल्या मातीतलं. असं असताना परदेशी पदार्थांच्या याद्या कशाला?

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं उरली आहेत. पोषकद्रव्यं भरभर सांगते.

प्रथिनं: निरोगी प्रौढ माणसाला वजनाच्या दर किलोमागे रोज 0.83 ग्रॅम. साठ किलोला पन्नास ग्रॅम. साठ-साठ ग्रॅम पिठाच्या दोन भाकऱ्यांतून बारा मिळतात, तीस ग्रॅम कच्च्या तूरडाळीतून साडेसहा, एका अंड्यातून सहा. पातळ आमटीच्या वाटीत मात्र तीनच भरतील. कॅलरी पुऱ्या आणि प्रथिनं अर्धी, हे चित्र मला वह्यांमध्ये सतत दिसतं.

कॅल्शियम: 100 ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास, रोजची गरज हजाराची. दूध-दही सोडू नका. बी-12 वनस्पतिजन्य पदार्थांत जवळपास नसतंच. ज्यांनी दूधही बंद केलंय त्यांनी डॉक्टरांना विचारून तपासणी करून घ्या.

आणि लोह. पुरुषांना दिवसाला 19 मिलिग्रॅम, पाळी येणाऱ्या बायकांना 29. घरात सर्वांत शेवटी जेवून पातेल्यातलं उरलंसुरलं घेते ती कोण, हे मी सांगायला नको. नोंदी ठेवायला घेतल्यात तर पहिली वही तिच्या नावाची काढा. तिच्या पालेभाजीवर लिंबू पिळा, त्यानं लोह जास्त शोषलं जातं. आणि जेवणाला लागून चहा देऊ नका, तासभर तरी जाऊ द्या.